लखनचा डबा

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

इथे बैल नाहीत. चंदाने मातीची जोडी करून पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, पुरणपोळी दाखवली. चाळीतल्या गुजराती शेजारणीने विचारलं, "आ शुं, रमकडां?" चंदा म्हणाली, "खेळणी नाहीत, आमचे देव आहेत." मी हात जोडले. बैल सोडून आलो त्याला किती वर्षं झाली, तरी या दिवशी हाताला कासऱ्याची ओढ जाणवते.

खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात सकाळची पाळी करून आलो. हवेत ओल असली की धागा रुसतो. दिवसभर तुटत होता. दुपारी पॅकिंगला गुंडाळलेल्या धाग्याचा एक कोन उरला, कुठल्या लॉटचा ते कोणालाच सांगता येईना. तुषारने तो उचलून बाजूच्या फळीवर ठेवला आणि ओरडला, "चला, हा पण लखनचा डबा झाला!"

आमच्या खात्यात ज्याला धनी नाही, जे अर्धं राहिलं, ज्याचा माणूस कदाचित येईल म्हणून टाकूनही देता येत नाही, त्याला लखनचा डबा म्हणतात. बिहारची पोरं 'लखन का डिब्बा' म्हणतात, सुपरवायझर पटेलभाई 'लखननो डब्बो'. खोक्यांवर खडूने 'ल.ड.' लिहायची पद्धत होती. नव्या स्टोअर ऑफिसरने ते कॉम्प्युटरवर चढवलं तेव्हा 'एल.डी.' झालं. परवा मुंबईहून आलेल्या तपासणीवाल्याने विचारलं, एल.डी. म्हणजे काय? ऑफिसर न अडखळता म्हणाला, "लॉट डिफॉल्ट, सर." त्याने ते लिहून घेतलं.

तुषारला आज मी सहज विचारलं, "लखन कोण, ठाऊक आहे का रे?"

तो म्हणाला, "कोणी नाही, काका. नुसतं नाव आहे. नाही का आपण झोपाळू माणसाला पोथीतल्या राक्षसाचं नाव देतो? तो राक्षस कोणी पाहिलाय?"

पहिल्यांदा हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला देव जाणे.

संध्याकाळी ललितचा फोन आला. लखनचा पुतण्या. म्हणाला, "आप्पा, आजीला घेऊन पितृपक्षात येतो. काका हरवल्याला बारा वर्षं होऊन गेली. सिल्व्हासालाच क्रिया उरकू. तुम्ही गुरुजी बघून ठेवा."

मी हो म्हणालो. हे लवकर उरकलेलंच बरं.

२४ ऑगस्ट, रविवार.

लखन आमच्या पलीकडच्या गावचा, अंमळनेर तालुक्यातला. त्याला मीच खात्यात लावलं होतं. मशीनपेक्षा जास्त बडबड करायचा. भाकरी माझी खायचा आणि वर म्हणायचा, "आप्पा, वहिनीनं मीठ कमी टाकलं, तुमच्यासारखीच झाली भाकरी."

तो दिसेनासा झाला त्या दिवशी दमणगंगेला पूर होता. पाळी सुरू झाली तेव्हा त्याने डबा खिळ्याला टांगला. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आलोच." धागा तुटला होता म्हणून मी मान वर केली नाही. कोणी म्हणालं, तो पुलावर उभा दिसला. कोणी म्हणालं, वापीच्या रिक्षात बसला. पोलिसांनी खाली दमणपर्यंत पाहिलं. काही सापडलं नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, दारू नव्हती. नुसतं 'आलोच' होतं.

डबा खिळ्यावर राहिला. त्यातलं अन्न नासलं, वास सुटला, तरी कोणी हात लावला नाही. पुढे खात्याला रंग द्यायचं निघालं तेव्हा मी तो घरी आणला. तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे. झाकणावर टिंबांनी नाव घातलंय, 'चि. लखन यास आईकडून'. तो इथे यायला निघाला तेव्हा त्याच्या आईने, भिमाबाईने घेऊन दिला होता.

तो आमच्या फळीवर असतो. दर सोमवारी राखेने घासून ठेवतो, नाहीतर गंज चढेल. चंदा एकदा म्हणाली, "अहो, स्टीलला कुठे गंज चढतो?" एकदा तिने त्यात चिंच भरली होती. त्या दिवशी मी जेवलो नाही. एवढं चिडायला नको होतं.

३० ऑगस्ट, शनिवार.

भिमाबाई येऊन राहणार ती आमच्याकडेच. चाळीतली निम्मी पोरं आमच्या खात्यातली. तिच्या कानावर हे पडलं तर? पोराचं नाव भंगाराला दिलेलं ऐकून आईला काय वाटेल? म्हणून आज पाळी सुटल्यावर पोरांना चहाच्या टपरीवर थांबवलं आणि सांगितलं, थोडे दिवस तो शब्द तोंडात आणू नका. लखन खरा माणूस होता, त्याची आई येते आहे.

तुषार म्हणाला, "सॉरी काका. पण मग म्हणायचं काय? बेवारस?"

तो शब्द मला सोसला नाही. म्हणालो, "नको. ते तर नकोच."

"मग?"

मला दुसरा शब्द सुचला नाही. झिपरू माझ्या बरोबरीचा, जुना माणूस. तो बिडी विझवत म्हणाला, "सुकदेव, तू कोणाला सांगतोस? तूच तर चालू केलंस हे."

"मी?"

"मग काय मी? खिळ्याकडे कोणी नुसतं पाहिलं तरी अंगावर धावून यायचास. लखनचा डबा आहे, हात लावू नका! लखनचा डबा आहे, राहू द्या! पटेलभाईलाही सोडलं नव्हतंस. पोरं तुझी नक्कल करायला लागली, तिथून तर पसरलं."

मला हे आठवत नाही. झिपरूचं वय झालं, काहीही बोलतो.

५ सप्टेंबर.

गुरुजींकडे आजही जाणं झालं नाही. पाऊस होता.

८ सप्टेंबर, सोमवार. पितृपक्ष लागला.

ललितने फोनवर झापलं. "आप्पा, गुरुजी ठरले का? बहिणीचं लग्न अडलंय. सोयरे म्हणतात, घरातला माणूस ना इकडे ना तिकडे, आधी ते मार्गी लावा." मी म्हणालो, उद्या नक्की. डबा घासला. चंदा दारात उभी राहून बघत होती.

१० सप्टेंबर, बुधवार.

भिमाबाई आली. बसमधून उतरली तेव्हा मी ओळखलं नाही, एवढी वाळली आहे. कपाळ मोकळं, पण पाठ ताठ. ललित पिशव्या घेऊन मागे. गुरुजींचं मी अजून पाहिलं नव्हतं म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला आणि तसाच चपला घालून स्वतः ठरवून आला. सर्वपित्रीचा दिवस मिळाला. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. देह मिळाला नाही तर असंच करतात.

भिमाबाई अहिराणीच बोलते. मी इथे शाळेतली मराठी लिहितो, पण तिच्यासमोर माझ्याही तोंडात तीच भाषा येते आणि मी लहान होतो.

जेवताना तिने भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला. "सुकदेव, ह्या सम्दा म्हनतस तो गया. तुले काय वाटस?"

मी म्हणालो, "माय, देवाला ठाऊक."

"देवले नही, तुले इचारस मी. तू शेवटला होतास त्यानाजोडे."

ललित म्हणाला, "आजी, पुन्हा तेच नको. ठरलंय ना आपलं?"

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आठे कोनी नाव लेस का रे मना लखननं? बारा वरीसमा कोनी त्यानं नाव लिधं व्हई, तर मी मानसू तो कोठेतरी शे. मंग मी पुतळा जाळाऊ नही."

इथे कोणी नाव घेतं का माझ्या लखनचं! चंदाने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलला आणि म्हणालो, "जुनी माणसं गेली, माय. नवी पोरं आहेत सगळी."

यात खोटं काही नव्हतं. पण तिने ते नाव ऐकलं तर क्रिया मोडेल. मोडली तर तिचं उरलेलं आयुष्य दाराकडे बघण्यात जाईल, आणि ललितची बहीण बसून राहील.

१४ सप्टेंबर, रविवार.

जे व्हायला नको ते झालं.

दुपारी भिमाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तुषार चाळीतून आला, हातात एक काळी छत्री. पोराच्या मनात काही नव्हतं, सवयीनेच बोलला, "काका, ही तुमची का? सकाळपासून नळाजवळ पडलीये, लखनचा डबा झालीये नुसती."

बोलला आणि त्याने स्वतःच जीभ चावली.

भिमाबाईच्या मांडीवरून सूप घसरलं. तांदूळ सगळ्या पायरीवर. तिने तुषारचं मनगट धरलं. एवढी ताकद त्या हातात कुठून आली कोण जाणे. "काय म्हने तू? लखन? कोठे शे तो? कधी उना?"

"आजी... तो आला नाही. तो कुठेच नाही. आम्ही नुसतं म्हणतो."

"तुनं वय काय? तू त्याले कसा वयखस?"

"मी नाही ओळखत, आजी."

"वयखस नही ते नाव कसं लिधं?"

ललित धावत आला, त्याने तिला आत नेलं. ती आतून एकच सांगत होती, आज माझ्या लेकाचं नाव मी कानांनी ऐकलं. मी पायरीवरचे तांदूळ वेचत बसलो. तुषारही बसला. म्हणाला, "काका, मी नोकरी सोडू का?" मी म्हणालो, "तांदूळ वेच."

१५ सप्टेंबर, सोमवार.

मी पाळीला गेलो तेव्हा ती झोपलेली होती. मी निघाल्यावर तिने चंदाला उठवलं, म्हणाली कारखाना दाखव. चंदा नाही म्हणू शकली नाही. दोघी रिक्षाने खडोलीला आल्या आणि गेटवर उभ्या राहिल्या. मला आत काहीच कळलं नाही.

वॉचमन नवा, उत्तर प्रदेशचा. भिमाबाईने त्याला एकच शब्द विचारला, "लखन?"

चंदा सांगते, तो लगेच हसून म्हणाला, "लखन का डिब्बा? स्टोर में मिलेगा, माताजी. पीछे से जाइए."

भिमाबाईने तिथेच जमिनीला हात लावून कपाळाला लावला. चंदाने कशीबशी तिला परत आणली. मी घरी आलो तेव्हा ती नवं लुगडं नेसून बसली होती. ललित कोपऱ्यात डोकं धरून. ती म्हणाली, "सुकदेव, तो स्टोरमा शे. माले ली चाल."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. ती येणार म्हणून फळीवर मागे सारून ठेवलेला डबा आधी काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिने झाकणावरच्या टिंबांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही, पण नाव कुठून कुठपर्यंत आहे ते तिला ठाऊक होतं.

मग सगळं सांगितलं. खिळा, वास, रंग. उरलेला कोन, हरवलेली चप्पल, नळावरची छत्री, खोक्यावरचा खडू. म्हणालो, "माय, ती बोलायची रीत आहे. पोथीत नाही का, त्या झोपणाऱ्याचं नाव आपण पोरांना देतो, त्या दान देणाऱ्याचं नाव घेतो. नाव घेणाऱ्याने त्याला पाहिलेलं नसतं. गोष्टसुद्धा पुरती ठाऊक नसते. तसं हे झालं. त्यांनी वाईट मनाने केलं नाही."

बाहेर कोणाचा तरी कुकर वाजत होता.

मग तिने विचारलं, "म्हंजे तो पोथीमा गया का?"

मी डब्याच्या कडीशी चाळा करत राहिलो.

"पोथीमा गयेल माणूस घर येस नही, सुकदेव." ती हे मला समजावून सांगत होती, जसं पोराला सांगतात. "जित्ता माणूसनं नाव अशी कोनी वापरस का? जित्ता व्हता ते त्यानी स्वतः येईसन भांडण करं असतं. म्हनता, मना डबा शे, तुम्ही कोन?"

आणि ती हसली. तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. चंदाने तिला जवळ घेतलं.

जो शब्द तिच्या कानावर पडू नये म्हणून एवढे दिवस धडपडलो, तो शब्दच शेवटी कामाला आला. ती म्हणाली, अमावास्येला पुतळा करा.

मला हलकं वाटायला हवं होतं.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या.

सकाळी मी आणि झिपरू सुरंगीच्या बाजूला जाऊन पळसाची पानं आणली. इकडचे लोक त्याला खाखरा म्हणतात. पावसाळ्यातली पानं हिरवीगार, हाताएवढी. वाटेत झिपरू म्हणाला, "वाळकी बघ रे, जळायला नकोत का?" मी हिरवीच तोडत होतो.

दमणगंगेच्या काठी गुरुजींनी पुतळा बांधला. पानं, दर्भ, वर नारळ. लखन माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. पुतळा फारच लहान झाला. मी तसं म्हणालो तर ललित म्हणाला, "आप्पा, माप कोण बघतंय?"

ललितने अग्नी दिला. धूर पाण्यावर आडवा पसरला. भिमाबाई रडली नाही. लखनची एखादी वस्तू असेल तर सोबत द्या, असं गुरुजी म्हणाले तेव्हा ललितने डबा पुढे केला. तिने त्याच्या हातातून तो काढून घेतला. "हाऊ नही. ह्याले काम शे अजून."

घरी आल्यावर तिने चंदाला उठवून स्वतः चुलीपाशी बसायचं म्हटलं. गॅस असल्याने ओट्याशी उभी राहिली. कळण्याच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. तिन्ही पुडं दाबून भरली. मग चाळीतल्या पोरांना हाक मारली. तुषार सगळ्यांच्या मागे लपला होता. तिने त्यालाच पुढे बसवला. "खाय. लखनना डबा शे."

पोरं आधी घाबरत, मग पोटभर जेवली. बिहारी पोराच्या डोळ्यांतून ठेच्याने पाणी आलं आणि तो म्हणाला, "माताजी, लखनभैया रोज ये खाते थे?" सगळे हसले. तीही हसली. मला मात्र मीठ कमी वाटत होतं.

२२ सप्टेंबर, सोमवार.

सकाळच्या बसने भिमाबाई आणि ललित गेले. डबा ती घेऊन गेली. तिचाच होता. बस सुटताना म्हणाली, "आते तू बी मोकळा हो, भाऊ." मी कशात अडकलो होतो ते मला कळलं नाही, पण मान डोलावली.

घरी येऊन हातात राख घेतली आणि फळीसमोर उभा राहिलो. मग हात धुतले.

४ ऑक्टोबर, शनिवार.

पंधरवड्यात खात्यात एक गंमत झाली आहे. कोणी डबा आणला नसेल तर पोरं प्रत्येकाची एकेक भाकरी काढतात, थोडी भाजी काढतात आणि ओरडतात, "लखनचा डबा आला!" उरलेल्या मालाला आता सगळे एल.डी. म्हणतात. त्या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध होता, हे नव्या माणसाला सांगूनही पटणार नाही. शब्दही असे घर बदलतात. देवाची लीला.

परवा बाजारातून तीन पुडांचा नवा डबा आणला. दुकानदाराने विचारलं, नाव घालू का? मी घालून घेतलं. चंदा आता दोन डबे भरते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "दुसरा कोणाला?" मी म्हणालो, "कोणी ना कोणी उपाशी असतोच." तिने पुढे विचारलं नाही. भाजीत मीठ मात्र हल्ली ती नीट घालते.

खात्यात जुना खिळा रंगाखाली तसाच होता. नवा डबा त्याच्यावर टांगतो.

आज तुषार घाईत नुसताच आला होता. सुट्टी झाली तसा खिळ्यापाशी गेला आणि म्हणाला, "काका, आज मी लखनचा डबा खाऊ का?"

"खा की," मी म्हणालो. "तो आला तर त्याच्यासाठी दुसरा करून आणू."

तुषारचा हात डब्यावरच थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला. एवढं बघण्यासारखं मी काय बोललो, ते मला अजून कळलेलं नाही.